शब्दांची गल्लत

आमच्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षं हसण्यासाठी सांगितली जायची. ईदच्या दिवशी पाहुणे जमले, शीरखुर्म्याचे प्याले रिकामे झाले की कुणीतरी अब्बांना म्हणायचं, “दादांची ती राजीनाम्याची गोष्ट सांगा ना.” दादा म्हणजे माझे आजोबा. मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. पण ती गल्लत किरकोळ. दादांची मोठी होती.

दादा गुलबर्ग्याकडचे. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. पोटासाठी सोलापूरला आले आणि एका सुताच्या गोदामात माल मोजून घेण्याच्या कामाला लागले. १९६०च्या आसपासची गोष्ट. गाठोड्यांचा हिशेब जुळेना, त्यावरून मालकाशी वाद झाला. दोन-तीन दिवस धुसफूस चालली. मग मालकाचा माणूस दादांना म्हणाला, “राजीनामा लिहून द्या, म्हणजे विषय मिटला.” दादांना बरं वाटलं. उर्दूत राज़ीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद, समझोता. मराठीत लिहिलेल्या कागदावर त्यांनी उर्दूत झोकदार सही केली, मालकाला सलाम केला आणि येताना पाव किलो जिलेबी घेऊन घरी आले. दादीला म्हणाले, “मालिक से राज़ीनामा हो गया. अब झगड़ा ख़तम.” दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले, तर त्यांच्या स्टुलावर दुसराच माणूस बसलेला.

इथे सगळे हसायचे. अब्बा तर जिलेबी हातात धरल्याचा अभिनय करून सांगायचे. मीही पोट धरून हसलेली आहे. फक्त दादी हसायची नाही. ती उठून प्याले गोळा करायला लागायची.

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं विसरले होते. ती पुन्हा आठवली ती इंग्रजीच्या एका परीक्षेत नापास झाल्यावर.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. स्वतः उर्दू माध्यमातच शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते जून २०००मध्ये, तोवर आमची गाडी निघून गेली होती. घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात आणि सरकारदरबारी मराठी, आणि इंग्रजी म्हणजे दूरच्या श्रीमंत नातेवाइकासारखं. ओळख आहे, येणं-जाणं नाही. बी.एड. करून २०११ साली मी नोकरीला लागले, तेव्हा माझ्याकडे उर्दू, इतिहास आणि मराठीचे तास होते. २०१९मध्ये इंग्रजीचे सर निवृत्त झाले आणि आठवी-नववीचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच महिन्यात एका मुलीने विचारलं, “आपा, हेडसर के दरवाज़े पे जो ‘प्रिन्सिपल’ लिखा है और सबक में जो ‘प्रिन्सिपल’ है, ये दोनों एकीच है क्या?”

मी म्हणाले, “हो, एकच.”

रात्री शब्दकोश उघडला. दोन्ही वेगळे. शेवटी ‘पी-ए-एल’ असेल तर मुख्य, प्रमुख, मुख्याध्यापक. शेवटी ‘पी-एल-ई’ असेल तर तत्त्व, उसूल. बोलायला एक, नागरीत लिहायला एक, उर्दूत लिहायलाही एक. इंग्रजीतच फक्त दोन. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि चूक दुरुस्त न करता पुढचा धडा सुरू केला. ती मुलगी समोरच बसली होती.

त्या दिवसापासून मनात एक बोच राहिली. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेलं की आम्ही उर्दूवाल्या मागच्या बाकावर बसायचो. कुणी बसवायचं नाही, आम्हीच बसायचो. इंग्रजीत काही विचारलं की एकमेकींकडे बघायचं. मला वाटलं, एक कागद हवा. कुणाला दाखवायला नव्हे, आपल्यालाच. म्हणून मी केंब्रिजच्या ‘सी-वन ॲडव्हान्स्ड’ या परीक्षेचा अर्ज भरला. फी माझ्या पगाराच्या मानाने जड होती. अब्बांना आकडा सांगितला नाही.

या परीक्षेतला वाचन आणि भाषावापराचा एकत्र पेपर दीड तासाचा, छप्पन्न प्रश्नांचा. त्यातला पहिलाच भाग म्हणजे एक उतारा, त्यात आठ गाळलेल्या जागा आणि प्रत्येक जागेसाठी चार पर्याय. चारही शब्द सख्ख्या बहिणींसारखे. चौघींचे चेहरे ओळखीचे, पण त्या वाक्यात नांदणारी एकच. मी डिसेंबर २०२२मध्ये पुण्याला जाऊन परीक्षा दिली. उत्तीर्ण व्हायला १८० लागतात. मला १७६ मिळाले. १६० ते १७९ असले तर खालच्या पातळीचं प्रमाणपत्र देतात, तसं ते मला मिळालं. भाषावापराचे गुण सगळ्यात कमी होते, त्याच्या खालोखाल लेखनाचे.

भाषावापराचं मला कळलं. लेखनाचं कळेना. मी तर एकही चूक होऊ नये म्हणून जपून लिहिलं होतं. दोनशे वीस ते दोनशे साठ शब्दांचे दोन मजकूर, दोन्ही मोजून लिहिले. जिथे ‘अफेक्ट’ की ‘इफेक्ट’ अशी शंका आली तिथे वाक्यच बदललं. ‘इकॉनॉमिक’ की ‘इकॉनॉमिकल’, नकोच, त्याऐवजी ‘मनी’. असं करत करत मी चौथीतल्या मुलीसारखा निबंध लिहून आले होते. चूक नव्हती, पण भाषाही नव्हती.

आणि तेव्हा मला तो मुलगा आठवला.

२०१३ साल असेल. सातवीच्या मराठीच्या पेपरात ‘माझे आवडते शिक्षक’ हा निबंध होता. त्याने माझ्यावर लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं, “आपांनी मला दोन वर्षे चांगली शिक्षा दिली. मी त्यांचा आभारी आहे.” हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. बिचाऱ्याने तोच शब्द उचलून मराठीत ठेवला. मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, “बघा, मी याला दोन वर्षं चांगला चोप दिला म्हणे, आणि हा माझे आभार मानतोय!” वर्ग हसून लोटपोट. मी लाल शाईने शब्दाभोवती गोल केला आणि अर्धा गुण कापला.

त्यानंतर त्या मुलाचे निबंध पाच ओळींच्या वर कधी गेले नाहीत. “माझ्या शाळेचे नाव अमुक आहे. माझी शाळा मोठी आहे. मला माझी शाळा आवडते.” एकही चूक नाही. मी खूश होते, पोरगा सुधारला म्हणून. त्याने काय केलं होतं हे समजायला मला स्वतःला १७६ गुण मिळावे लागले. ‘चूक ही शिकण्याची पायरी आहे’ या प्रश्नावर बी.एड.ला मी दोन पानं उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते. माझा विद्यार्थी मात्र त्या पायरीवर पाय ठेवायला आला तेव्हा मी त्याला हसले.

निकालाचं अब्बांना सांगितलं तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुला दादांची राजीनाम्याची गोष्ट माहीत आहे. पुढची माहीत आहे का?”

पुढची गोष्ट अशी. सहा महिने दादांना काम नव्हतं. दादी विड्या वळायला लागली. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका घरोघरी, पण आमच्या घरात ती पहिली. पानं कापून कापून तिच्या बोटांना चिरा पडायच्या. दादांनी त्या दिवसांत कोपऱ्यावरच्या दुकानातून मुलांची अंकलिपी विकत आणली. चाळिशीचा माणूस संध्याकाळी दाराशी बसून अ अननसाचा, आ आईचा वाचायचा. गल्लीतली पोरं हसायची. दादा वाचत राहिले. पुढे दुसऱ्या गोदामात काम लागलं, तिथे त्यांनी पहिली सही मराठीत केली.

“मग ही गोष्ट तुम्ही कधी का नाही सांगितली?” मी विचारलं.

“पाहुण्यांना जिलेबीपर्यंतचीच आवडते,” अब्बा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एक दोनशेपानी वही आणली. ठरवलं, परीक्षेच्या पुस्तकात असतात तशा शब्दांच्या जोड्या एकाखाली एक लिहून घोकायच्या नाहीत. मी पहिल्या वेळी तेच केलं होतं, आणि दोन सारखे शब्द एकत्र पाठ केले की ते डोक्यात आणखीच चिकटतात. या वेळी प्रत्येक शब्दाला आपल्या गावातलं एक वाक्य द्यायचं. आणि मुळात गल्लत का होते, ते आधी शोधायचं.

शोधायला लागले तेव्हा कळलं की गल्लतीचे प्रकार आहेत. पहिला प्रकार, आवाज एक, स्पेलिंग दोन. ‘प्रिन्सिपल’ तसा, ‘स्टेशनरी’ही तसा. ‘ए’ घातला तर जागेवर उभं असलेलं, ‘ई’ घातला तर वह्या-पेन-कागद. पण हे दोघे मुळात एकाच घरातले. जुन्या काळी युरोपात फिरते विक्रेते असत, आणि ज्याचं दुकान एका जागी असे तो ‘स्टेशनर’. तो पुस्तकं विकायचा, म्हणून त्याचा माल ‘स्टेशनरी’. हे वाचल्यावर मला हसू आलं. अशा जोड्यांना उर्दूवाल्यांनी कशाला घाबरायचं? आपल्याकडे ‘स’चे तीन हर्फ आहेत, से, सीन आणि स्वाद. ‘ज़’चे चार, ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय. ज़ोयची नज़र म्हणजे दृष्टी, ज़ालची नज़्र म्हणजे भेट, अर्पण. दखनीत दोन्ही ‘नजर’च. ऐनचा आम म्हणजे सर्वसाधारण, अलिफचा आम म्हणजे आंबा. आमची पोरं तिसरी-चौथीपासून इम्ला लिहिताना हेच करत आलेली असतात. मी त्यांना इंग्रजीच्या तासाला हे कधी सांगितलंच नव्हतं.

दुसरा प्रकार, आपल्याकडे एक शब्द आणि त्यांच्याकडे दोन. आपण उसने घेतो आणि उसने देतो. शब्द एकच, क्रियापद बदलतं. इंग्रजीत घेणं ‘बॉरो’ आणि देणं ‘लेंड’. म्हणून मुलं “बॉरो मी अ पेन” म्हणतात. ती मुलांची बेअक्कल नव्हे, ते उर्दू-मराठीचं व्याकरण आहे. उलटही होतं. उर्दूत काल आणि उद्या दोन्ही ‘कल’, मराठीत दोन शब्द. म्हणून आमची मुलं मराठीत ‘मी उद्या आजारी होतो’ लिहितात.

कुठे कुठे मात्र मराठीच मदतीला येते. ‘से’ आणि ‘टेल’ मला कधी सुटले नव्हते, कारण दखनीत सगळ्यालाच ‘बोलना’. मग लक्षात आलं, मराठीत म्हणणं आणि सांगणं वेगळं आहे. ‘मी म्हणाले’ एवढ्यावर थांबता येतं. सांगितलं, तर कुणाला, ते आलंच. ‘से’ म्हणजे म्हणणं, ‘टेल’ म्हणजे सांगणं. दहा वर्षांचा घोळ एका ओळीत मिटला.

तसंच ‘राइज़’ आणि ‘रेज़’, ‘लाय’ आणि ‘ले’. या जोड्यांनी मला रडवलं होतं. पण पडणं आणि पाडणं, मरणं आणि मारणं हे आपण कुठे पाठ करतो? स्वर बदलला की आपोआप होणारी गोष्ट दुसऱ्याने केलेली होते. इंग्रजीही फार जुन्या काळी असंच करायची. त्याचे थोडे अवशेष उरलेत, ‘राइज़’ उठणं, ‘रेज़’ उठवणं, ‘लाय’ पहुडणं, ‘ले’ ठेवणं, ‘सिट’ बसणं, ‘सेट’ बसवणं. सूर्याला कुणी उठवत नाही, म्हणून तो ‘राइज़’ होतो. हात आपण उठवतो, म्हणून तो ‘रेज़’ करायचा. परकं वाटत होतं ते कुलूप घरच्याच किल्लीने उघडलं.

तिसरा प्रकार, एकाच मुळाच्या पण वेगळ्या संसाराच्या बहिणी. यांना मी सोलापूरची वाक्यं दिली. उन्हाळ्यात कूलरची घरघर ‘कंटिन्यूअस’, म्हणजे सलग. दर तासाला वीज जाणं ‘कंटिन्यूअल’, म्हणजे वारंवार. सरकारचं धोरण ‘इकॉनॉमिक’, माझी अम्मी ‘इकॉनॉमिकल’. भांडण सोडवणारा माणूस ‘डिसइंटरेस्टेड’ हवा, म्हणजे स्वतःचा मतलब नसलेला. शेवटच्या तासाला माझा वर्ग ‘अनइंटरेस्टेड’ असतो. ‘हँग’च्या भूतकाळाचीही दोन रूपं आहेत. वस्तू टांगली तर ‘हंग’, माणसाला फाशी दिली तर ‘हँग्ड’. मी लिहिलं, कुर्बान हुसेन यांची तसबीर भिंतीवर ‘हंग’ आहे, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासोबत ते ‘हँग्ड’ झाले. हे वाक्य लिहिल्यावर ती जोडी पुन्हा कधी चुकली नाही. सोलापूरच्या माणसाची चुकूच शकत नाही.

चौथा प्रकार दादांचा. तोच शब्द, भाषा ओलांडली की अर्थ वेगळा. दोन फ्रेंच लेखकांनी, कोस्लर आणि देरोकिन्यी यांनी, १९२८मध्ये अशा फ्रेंच-इंग्रजी शब्दांवर पुस्तकच लिहिलं आणि त्यांना ‘खोटे मित्र’ म्हटलं. इंग्रजीत ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस. फ्रेंच आणि स्पॅनिश माणूस तोच शब्द हळव्या माणसासाठी वापरतो. म्हणजे पॅरिसचा विद्यार्थीही आमच्या पोरासारखाच फसतो! केंब्रिजची याहून वरची परीक्षा पहिल्यांदा १९१३मध्ये झाली. बसले तिघं, आणि तिघंही नापास. हे वाचून मला केवढा धीर आला.

उर्दू-मराठीतले हे खोटे मित्र मी मोजायला लागले तर पानं भरली. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत क़ायदा म्हणजे मकतबात मुलांच्या हाती येणारं पहिलं पुस्तक, मराठीत कायदा म्हणजे कोर्ट-कचेरी. दफ़्तर उर्दूत कचेरी, मराठीत शाळेची पिशवी. खाली उर्दूत रिकामं, मराठीत तळाशी. आमचं मूल सकाळी एका भाषेतलं दफ्तर पाठीला लावून निघतं आणि वर्गात त्याला दुसऱ्या भाषेतलं दफ़्तर भेटतं. ते गोंधळलं नाही तरच नवल. आपल्या समाजात कुणी मराठी बोलताना अडखळला की लोक म्हणतात, यांना भाषा येत नाही. अहो, येत नाही असं नाही. एकावेळी तीन-चार येतात, आणि त्या दारात एकमेकींना अडतात.

पण म्हणून ‘चालतंय’ म्हणून सोडून द्यायचं का? नाही. दादांचं काम एका शब्दापायी गेलं. अर्जात, करारात, औषधाच्या चिठ्ठीत शब्द चुकला की त्याची किंमत शब्दकोश देत नाही, घरातल्या बाईची बोटं देतात. फरक शिकवलाच पाहिजे, काटेकोर शिकवला पाहिजे. फक्त हसून शिकवता येत नाही. हसलं की माणूस शब्द शिकत नाही, शब्द टाळायला शिकतो.

२०२४मध्ये मी पुन्हा परीक्षा दिली. या वेळी निबंधात शंका आलेला शब्दही लिहिला. काही चुकलेही असतील. १८४ गुण मिळाले. प्रमाणपत्र कपाटात आहे.

निकालानंतर आठवीच्या वर्गात मी फळ्यावर दोन आकडे लिहिले, १७६ आणि १८४. दोन्हींची गोष्ट सांगितली. मग ‘प्रिन्सिपल’ची दोन्ही स्पेलिंगं लिहिली आणि सांगितलं, २०१९मध्ये तुमच्याच शाळेतल्या एका मुलीला मी याचं चुकीचं उत्तर दिलं होतं. ती मुलगी केव्हाच शाळा सोडून गेली. तो शिक्षावाला मुलगाही. दोघांची माफी मागायची राहिली आहे.

आता वर्गात एक वही असते. ज्याची जी गल्लत होईल ती त्याने स्वतः त्यात लिहायची, का झाली तेही लिहायचं. मुलांनी तिला नाव दिलं, ‘गल्लत वही’. उर्दूत ग़लत म्हणजे चूक. मराठीत आल्यावर तोच शब्द ‘गल्लत’ झाला आणि त्याचा अर्थ झाला सरमिसळ, घोटाळा. इतकी वर्षं मी मुलांच्या गल्लतीला ग़लत म्हणत आले. हीसुद्धा एक गल्लतच.

वहीच्या पहिल्या पानावर मी दादांचा राजीनामा लिहिला आणि मुलांना ती गोष्ट सांगितली, जिलेबीपर्यंतची. मुलं खूप हसली. हसणं थांबल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “फिर उनकू दूसरी नौकरी मिली क्या, आपा?”

ईदच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी खुर्ची ओढून बसले आणि पुढची गोष्ट सांगायला लागले.